उजरी नावाची देवी

बालाघाट
२१ जुलै २०२५

रचना,

जय भीम.

वर ‘चिरंजीव’ लिहिलेलं नाही आणि खाली आशीर्वादही लिहिणार नाही. विसरलो म्हणून नव्हे. एकोणचाळीस वर्षं कलेक्टोरेटच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस असं विसरत नसतो.

तुझे फोन येतात ते दिसतात. मी उचलणार नाही. फोनवर बोललेलं पुढे ज्याला जसं सोयीचं तसं आठवतं. कागदाचं तसं होत नाही. हे पत्र कोर्टासमोरच्या अनुरागच्या दुकानात स्कॅन करून तुला मेल करतो आहे. तूही लिहूनच उत्तर दे.

शुक्रवारी सकाळी राजेंद्रभाऊ पेपर घेऊन घरी आले. ते आपल्या वॉर्डातल्या विहार समितीचे अध्यक्ष आणि मी सचिव, त्यामुळे त्यांचं येणं रोजचंच. पण त्या दिवशी चहा घेतला नाही. पेपर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “चैतरामजी, हे काय होय? सचिवाच्या घरी देवी?”

तुझा मोठा फोटो. वर मथळा: ‘बालाघाट की अग्निदेवी अब बृहस्पति के चांद पर’. खाली लिहिलेलं, की अमेरिकेत काम करणाऱ्या वैज्ञानिक रचना यांची दादी आजही चुलीत या देवीला पहिला घास देते.

मी ती बातमी चार वेळा वाचली. गुरूला आयो नावाचा एक चंद्र आहे, त्याच्यावर शेकडो ज्वालामुखी आहेत, आणि तिथल्या तोंडांना जगभरच्या आगीच्या, सूर्याच्या, विजेच्या देवांची नाहीतर पुराणातल्या लोहारांची नावं द्यायची असा नियम आहे. कुठल्या बेटावरची पेले, कुठल्या बर्फाळ देशातला लोकी, वेदांतला त्वष्टाही तिथे जाऊन बसलेला. म्हणजे लोकांनी पूजायचं सोडलेल्या देवांचं पुनर्वसनच म्हण. ठीक आहे. धरणात गाव गेलं की माणसांचं करतात, तसं देवांचं केलं. पण त्या वसाहतीत प्लॉट मिळवून द्यायला तुला आपलंच घर सापडलं?

तुझे आजोबा छप्पनच्या ऑक्टोबरात नागपूरला गेले आणि परत आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत घालून वैनगंगेत सोडून आले. ज्या देवांच्या पायरीला हात लावला तर लोक काठी घेऊन धावायचे, ते देव घरात ठेवून करायचं काय? मी पुढच्या वर्षी जन्मलो. आपल्या घराण्यातला मी पहिला माणूस, ज्याच्या कपाळाला कधीच कुठल्या देवाचा अंगारा लागला नाही. याचा मला केवढा अभिमान आहे ते तुला माहीत आहे. तुला तो मी मांडीवर बसवून सांगितलेला आहे.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. अशी कुठलीही देवी आपल्या घरात कधी नव्हती. हे मी शपथेवर सांगू शकतो. त्या बातमीतलं नाव मी या पत्रात लिहिणार नाही आणि तूही उत्तरात लिहू नकोस.

नव्या नावांची यादी चौदा जुलैला लागली आणि हरकतीसाठी तीन महिने आहेत, असं पेपरात आहे. म्हणजे चौदा ऑक्टोबर. दावे-हरकतींची मुदत मला कोणी समजावायला नको. त्याआधी ते नाव मागे घे. कारण काहीही लिही. माझी चूक झाली असं लिही. ते खोटंही नाही.

चैतराम


बालाघाट
१२ ऑगस्ट २०२५

रचना,

जय भीम.

तुझं उत्तर मिळालं. छान लिहिलं आहेस. मराठी अजून शाबूत आहे, माझ्या वॉर्डातल्या पोरांपेक्षा बरी.

तू लिहितेस, दोन वर्षांमागे आली होतीस तेव्हा अंगणातल्या चुलीपाशी आजीजवळ बसली होतीस. भात उतरवल्यावर तिने चिमूटभर चुलीत टाकला आणि काहीतरी पुटपुटली. तू विचारलंस, आजी, कोणाला देतेस? ती म्हणाली, “देवी व्हय बाई, आगीची. तुह्या बापाले सांगजो नको.” तू शब्द दिलास. “म्हणून तुम्हाला सांगितलं नाही, बाबा,” असं लिहितेस.

वा! बापाला सांगू नको म्हटलं म्हणून एकट्या बापाला वगळून साऱ्या जगाला सांगितलंस. शब्द पाळण्याची ही तऱ्हा अमेरिकेत शिकवतात का? नावं मंजूर करणाऱ्या तिकडच्या समितीला पुरावा लागतो म्हणून एका नियतकालिकात दोन पानांचं टिपण छापलंस, त्यात आजीचं नाव, गावाचं नाव, चुलीचं वर्णन. घरात कोणाला चार ओळी लिहाव्यात असं एकदाही वाटलं नाही. तुझ्या आईलाही पेपरातूनच कळलं. ती तीन दिवस तुझ्या बाजूने बोलत होती. चौथ्या दिवशी भाजी बाजारात कोणीतरी तिला विचारलं, “क्या गीता, देवी कब बैठा रहे हो?” तेव्हापासून तिनेही तुझी बाजू सोडली आहे.

परवा रविवारी विहारात बैठक झाली. ती बोलवावी लागली, कारण लोक बोलत होते आणि अध्यक्षांनी किती दिवस झाकायचं? माय सत्याऐंशी वर्षांची. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवली होती. राजेंद्रभाऊंनी फार अदबीने विचारलं, “काकू, लोक काहीबाही म्हणून राह्यले. तुमी एकदा सांगून टाका. तुमी चुलीत देवी पूजता का?”

मायने माझ्याकडे पाहिलं. मी सचिवाच्या टेबलापाशी, वही उघडून बसलो होतो. नजर न काढता ती म्हणाली, “हौ.”

एवढंच. नाही म्हणाली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण नाही. हट्टी बाई.

मग ठराव झाला. अशोक विजयादशमीला पहिली मेणबत्ती वॉर्डातली सगळ्यात मोठी बाई लावते, हे तुला माहीत आहे. अकरा वर्षं तो मान मायचा होता. ती देवी सोडल्याचं विहारात सांगत नाही तोवर तिने मेणबत्ती लावू नये, असं ठरलं. सचिव या नात्याने ठराव मी लिहिला आणि मीच वाचून दाखवला. आवाज कापला नाही. लोक नंतर म्हणाले, चैतरामजींनी घरचं माणूस पाहिलं नाही, तत्त्व पाहिलं.

घरी येताना ऑटोत ती माझ्या शेजारी बसली होती. उतरताना माझा हात धरला, नेहमीसारखा, गुडघे दुखतात म्हणून.

हे सगळं तुझ्यामुळे झालं. विश्वासघात हा शब्द मी फाइलींत पुष्कळदा वाचलेला आहे, भावाने भावाची जमीन आपल्या नावावर चढवून घेतली की अर्जात हमखास असतो. घरात पहिल्यांदा वापरतो आहे. नाव मागे घे.

चैतराम


बालाघाट
४ सप्टेंबर २०२५

रचना,

हे पत्र अनुरागच्या दुकानात दिलेलं नाही. डाकघरातून स्पीड पोस्टने पाठवतो आहे. उशिरा मिळेल, पण मधे कोणाच्या डोळ्यांखालून जाणार नाही. वाचून झालं की ठेव नाहीतर फाड, तुझी मर्जी. आईला मात्र अजून सांगू नकोस. तिला मीच सांगेन.

तुझ्या मागच्या मेलमध्ये तू विचारलं होतंस की ही देवी नेमकी कुठली. तू गोंदिया-भंडाऱ्याच्या जाणकारांना विचारलंस, बैहरकडच्या लोकांना विचारलंस, कोणालाच माहीत नाही. तुला आता शंका येते आहे. “बाबा, आजीला एकदा नीट विचारा,” असं लिहितेस.

आजीला विचारायची गरज नाही. मला माहीत आहे. पेपर हातात घेतला त्या क्षणापासून माहीत होतं.

गेल्या आठवड्यात शेजारची मंजुषा मायजवळ बसली होती. संध्याकाळची वेळ, अंगणात. चंद्र नुकताच दिसायला लागला होता. मायला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण चंद्र दिसतो. ती मंजुषाला म्हणत होती, “रचनानं तिचं नाव तठी लिवलं. चांगलं थंडं ठिकान आहे, नाई का वो?” मंजुषा म्हणाली, “हौ आजी, एकदम थंडं.”

मी आतल्या खोलीत होतो. उभाच राहिलो. मला तेव्हा कळलं की ती ‘हौ’ का म्हणाली. मान गेला, लोक बोलले, पोटच्या पोराने भर सभेत ठराव वाचला, तरी तिने ते ‘हौ’ सोडलं नाही, कारण नाही म्हटलं तर नाव तिथून निघेल. तिला वाटतं, पोरगी थंड चंद्रावर आहे.

पोरगी. हो. देवी नाही.

उजरी माझी बहीण होती. तुझी आत्या. पहाटे उजाडताना झाली म्हणून मायने ते नाव ठेवलं. माझ्याहून सात वर्षांनी लहान. तुला कोणीच सांगितलेलं नाही, कारण आपल्या घरात छप्पन वर्षं ते नाव कोणी घेतलेलं नाही.

आम्ही उकव्याला राहत होतो. बाबा, म्हणजे तुझे आजोबा खेमराज, खाणीत खाली जायचे. माय वर दगड फोडून मँगनीज निवडायला जायची. एकोणसत्तरचा जानेवारी. थंडी तिथे जंगलामुळे जास्तच. मी अकरा वर्षांचा, उजरी चार. तिला सांभाळायचं काम माझं. माय जाताना चुलीवर पाणी ठेवून गेली होती आणि मला म्हणाली होती, “चैतू, पोरीजवळून हालजो नको.”

बैहरची बस दुपारी यायची. वळणावर ती हळू व्हायची, तेव्हा मागच्या शिडीला लटकून पुढच्या नाल्यापर्यंत जाता यायचं. त्या वयात याहून मोठं सुख मला माहीत नव्हतं. भोंगा ऐकू आला आणि मी उठलो. उजरी मागे लागली. ती नेहमीच मागे लागायची आणि तिच्यामुळे माझी बस चुकायची. म्हणून मी तिला आत ठेवलं आणि बाहेरून दाराला कडी लावली.

परत आलो तेव्हा दारापुढे बाया जमल्या होत्या. दार उघडं होतं. धूर दिसला तशी माय खाणीवरून धावत सगळ्यांच्या आधी पोचली होती, माझ्याही आधी. धुराने घर भरलेलं. पुढचं लिहीत नाही.

बाबा आले. त्यांनी मला विचारलं, कुठे होतास? मी म्हणालो, पाणी आणायला. हातात बादलीसुद्धा नव्हती. माय माझ्याकडे पाहत होती. तशीच, जशी गेल्या महिन्यात विहारात पाहत होती. कडी तिने स्वतःच्या हाताने काढली होती, रचना. बाहेरून लावलेली कडी. तिच्याशिवाय ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि ती बाबांना म्हणाली, “माहीच चूक झाली. मीच चूल तशीच ठेवून गेलती.”

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. मायच्या हातचं जेवले, पण तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. ‘मीठ दे’ हेसुद्धा मला सांगायचे, मग मी तिला सांगायचो. त्यांची अखेर झाली त्या दिवशीही ते मलाच म्हणाले, “तुह्या मायले म्हन, पानी दे.” मी ते सगळं ऐकलं आणि कधी तोंड उघडलं नाही.

उजरी गेल्यावर मला महिनाभर ताप होता. नाव कानावर पडलं की मी ओरडायचो, असं म्हणतात. मग मायने नाव घेणं सोडलं. मला वाटत होतं, ती विसरली. विसरली असेल तर बरंच, असंही वाटत होतं. ती तेव्हापासून रोज पहिला घास चुलीत टाकून तिचं नाव चुलीला सांगत होती, हे मला तुझ्या बातमीने कळलं. तू विचारलंस तेव्हा तिने ‘देवी’ म्हटलं, कारण ‘तुझ्या बापाची बहीण’ म्हटलं असतं तर तू पुढे विचारलंच असतंस. देवी कोणाची लेक म्हणून कोणी विचारत नाही. तिने बाबांपुढे झाकलं, तसं तुझ्यापुढेही मला झाकलं. आणि ती देवी नाही हे पक्कं माहीत असूनही मी तिच्यावर देवी पूजल्याचा ठराव लिहिला.

ज्वालामुखीच्या ज्या कुंडाला ते नाव दिलं, त्याची माहिती तुझ्या पहिल्या मेलमध्ये होती. चाळीस किलोमीटर रुंद. म्हणजे बालाघाटहून निघून किरनापूर मागे टाकलं तरी काठ यायचा नाही. आत उकळता लाव्हा, आणि तो विझत नाही, असं लिहिलं होतंस. मी ते वाचून पत्र घडी घालून कपाटात ठेवलं आणि तुला तत्त्वाचं पत्र लिहायला बसलो.

मी तुझ्यावर चिडलो ते खरंच आहे. तू शब्द मोडलास, आणि ते मी माफ केलेलं नाही. पण त्या रांगेत माझा नंबर तुझ्या बराच आधी लागतो.

आता काय करायचं ते मला समजत नाही. तुला समजत असेल तर लिही.

बाबा


बालाघाट
२३ सप्टेंबर २०२५

रचना,

तुझा मेल अनुरागने छापून बंद पाकिटात दिला. “काका, मैंने पढ़ा नहीं,” असं आपणहून म्हणाला, म्हणजे वाचला असेल. असू दे.

तू रडलीस ते लिहिलंस. तू लिहितेस, “नाव मागे घेतलं तर उजरी आत्याचं या जगात कुठेच काही उरणार नाही. फोटो नाही, कागद नाही. नाही घेतलं तर आजी विहारात देवीवालीच राहील, आणि मी खोटी नोंद जाणूनबुजून चालू दिली असं होईल. तुम्ही सांगाल ते मी करीन, बाबा.”

मोठी हुशार. निर्णय माझ्या गळ्यात. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं.

चार दिवस मी मनाशी हिशोब घालत होतो. खरं सांगायचं तर मला ते नाव राहावं असं वाटायला लागलं होतं. तिकडे कोणाला काय कळणार? त्या यादीत खऱ्या देवी किती आणि कोणाच्या आजीने पोरीला समजवायला सांगितलेल्या किती, कोण मोजतो? आणि मायला थंडं ठिकाण वाटतं तर वाटू दे, सत्याऐंशी वर्षांच्या बाईला कशाला सांगायचं? असं मी स्वतःला पटवून दिलं. रेकॉर्ड रूममध्ये लोक मला म्हणायचे, चैतराम बाबू के हाथ से गलत नाम नहीं चढ़ता. ते आठवलं तरी पटवून दिलं.

काल दुपारी जेवण झाल्यावर माय अंगणात बसली होती. तुझी आई आत भांडी घासत होती. मी जवळ जाऊन खाली बसलो. गुडघे माझेही आता साथ देत नाहीत. आणि तोंडातून एकदम निघून गेलं, “माय, उजरी...”

नुसतं तेवढंच. छप्पन वर्षांनंतर. पुढे काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

मायने माझ्याकडे तोंड केलं. रडली नाही. म्हणाली, “घेतलं तूनं नाव?”

“हौ.”

“ताप तं नाई आला ना?” असं म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावला. अडुसष्ट वर्षांचा माणूस मी, रचना. मी रडलो. तुझी आई ओल्या हातांनी बाहेर आली, तिलाही मग तिथेच सगळं सांगितलं. ती दाराला टेकून ऐकत राहिली. मधे एकच बोलली, “आणि तुमी मायवर ठराव वाचला?” मी हो म्हणालो. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज बराच वेळ बंद होता.

मग मायने विचारलं, “तठी चंद्रावर कसं आहे रे? रचना काय म्हन्ते?”

मला खोटं बोलता आलं असतं. सवय आहे. मी म्हणालो, “माय, तो आपला चंद्र नोहे. लय दूरचा आहे. तठी आग आहे.”

“आग?”

“हौ. डोंगर पेटून राह्यले तिथले. ज्या खड्ड्याले तिचं नाव देल्लं, त्यातबी आगच आहे. विझत नाई.”

ती मांडीवरचा पदर मुठीत गोळा करायला लागली. मला वाटलं, हिला काही होतं की काय. मी पाणी आणायला उठलो तर तिने माझा सदरा धरला. एवढी ताकद त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं.

“काढ तिले तिथून,” ती म्हणाली.

“माय, नाव राहील जगात, मोठ्या नकाशात...”

“नाव नको मले. काढ तिले तिथून, चैतू. तवा नाई काढलं तूनं. आता तरी काढ.”

छप्पन वर्षांत त्या दिवसाबद्दल हे एकच वाक्य ती मला बोलली. तवा नाई काढलं तूनं. मी ते किती वर्षांपासून ऐकायची वाट पाहत होतो हे मला ते ऐकल्यावर कळलं.

तेव्हा हरकत टाक. कारण खरं लिही. देवी नाही, लेक होती, माहिती देणाऱ्याने लपवलं होतं, हे लिही. लोक तुला हसतील, तुझ्यावर प्रश्न येतील, टिपण मागे घ्यावं लागेल. हे मी तुझ्याकडून मागतो आहे ते मला कळतं. मुदत चौदा तारखेची आहे. शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, शेवटच्या दिवशी काही ना काही अडतंच.

बाबा


बालाघाट
८ ऑक्टोबर २०२५

चि. रचना,

जय भीम, अनेक आशीर्वाद.

हरकत पोचल्याची पावती तू पाठवलीस, ती मायला वाचून दाखवली. “निंगाली का ती?” असं तिने दोनदा विचारलं. मी म्हणालो, अजून समितीची सही बाकी आहे, पण निघाल्यासारखीच आहे. मग ती झोपली. दुपारी एवढी गाढ झोपलेली मी तिला पाहिली नव्हती.

दोन तारखेला विहारात मी सगळं सांगितलं. लिहून नेलं होतं, पण वाचलं नाही, तसंच बोललो. कडीचंही सांगितलं. मग राजेंद्रभाऊ उठले, मायपाशी गेले आणि खाली वाकून म्हणाले, “काकू, आमाले माफ करा.” ती म्हणाली, “तुमची काय चूक बाप्पा, हौ तं मीच म्हनलं.” ठराव रद्द झाला. पहिली मेणबत्ती तिनेच लावली. वात नीट दिसत नव्हती म्हणून दोन काड्या वाया गेल्या. मी सचिवपदाचा राजीनामा दिला. त्यांनी घेतला नाही असं म्हणतात, पण वही मी घरी आणलेली नाही.

काही जण आता मला रस्त्यात टाळतात. टाळू देत.

आता खरं काम. तू लिहिलं होतंस की आत्याचा जगात कुठेच कागद नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. उकव्याला तेव्हा ना तिचा जन्म कोणी नोंदवला, ना मरण. मी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं नोंदीत बरोबर आहेत का ते पाहिलं आणि हे एक नाव कुठेच नाही. म्हणून परवा एसडीएम कार्यालयात उशिराच्या नोंदीचा अर्ज दिला. खिडकीवरचा मुलगा अंकित नावाचा, मी निवृत्त झालो तेव्हा शाळेत असेल. त्याने तारीख पाहिली आणि म्हणाला, “दादाजी, छप्पन साल बाद क्या काम पड़ गया? जमीन का मामला है?”

मी म्हणालो, “नहीं बेटा. बहन है.”

त्याने अर्ज घेतला. सोबत माझं शपथपत्र लागतं, ते मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. तुझ्यासाठी त्याची नक्कल सोबत जोडली आहे. मूळ हिंदीत आहे, तुला मराठीत सांगतो. नाव उजरी. वडील खेमराज, आई तुळसाबाई. जन्म पहाटेचा. वय चार वर्षे. ठिकाण उकवा. कारण भाजून. माहिती देणारा चैतराम, भाऊ.

अर्ज देण्याआधी ते मायला वाचून दाखवलं होतं. शेवटचं वाक्य आलं तशी तिने हात वर केला आणि म्हणाली, “ते कडीचं नको लिवू, चैतू. तू लहान होता. ते खोडून टाक.”

मी ते खोडलेलं नाही. शपथपत्राच्या शेवटच्या ओळीत तसंच आहे: दार बाहेरून बंद होतं, आणि कडी मी लावली होती.

तुझा,
बाबा